तीन घरे पुढे

रोमन सेनानी ज्युलिअस सीझर आपल्या खासगी पत्रांतील गोपनीय मजकूर लिहिताना प्रत्येक अक्षराऐवजी वर्णमालेत त्याच्या तीन घरे पुढचे अक्षर लिहीत असे, ही हकीकत स्वेटोनिअस या चरित्रकाराने नोंदवून ठेवली, आणि त्या एका नोंदीमुळे खान्देशातील संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पिढ्यान्‌पिढ्या एक प्रॅक्टिकल मिळत आले आहे. अक्षराच्या जागी ठरलेल्या नियमाने दुसरे अक्षर ठेवण्याच्या या रीतीला 'सायफर' म्हणतात. मूळ मजकूर तो 'प्लेनटेक्स्ट', सरकवलेला मजकूर तो 'सायफरटेक्स्ट' आणि किती घरे सरकायचे तो आकडा म्हणजे 'की', अर्थात किल्ली. सीझरची किल्ली तीनची होती. त्याचा वारस ऑगस्टस याने ती एकवर आणली आणि वर्णमाला संपल्यावर पुन्हा पहिल्या अक्षराकडे वळण्याचे कष्टही वाचवले, असे स्वेटोनिअसच सांगतो. वडिलोपार्जित व्यवसायाचे वारसाच्या हाती काय होते, याचा हा एक जुना लेखी पुरावा मानण्यास हरकत नाही.

धुळेकर वाचकाला ही कल्पना समजावण्यासाठी मात्र रोमपर्यंत जाण्याचे कारण नाही. १८१८ नंतर खान्देश कंपनी सरकारच्या ताब्यात आल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने नव्या धुळ्याची आखणी केली, आणि त्या जुन्या भागातील गल्ल्या आजही नावांपेक्षा क्रमांकांनी ओळखल्या जातात. तेव्हा गल्ली नंबर एकमधल्या व्याह्याचे पत्र कोणी मुद्दाम गल्ली नंबर चारच्या पत्त्यावर धाडू लागला आणि हे इंगित फक्त त्या दोन व्याह्यांनाच ठाऊक असले, तर तो सीझरचाच अनुयायी ठरेल. धुळ्यात ही योजना दोन दिवसही टिकणार नाही, कारण चार नंबरच्या गल्लीतला कोणीही मनुष्य ते पाकीट उलटसुलट पाहून 'हे तर एक नंबरवाल्यांचं' असे म्हणेल आणि स्वतः नेऊन देईल. सीझरच्या सायफरचा मुख्य दोष तज्ज्ञांच्या ग्रंथांत बऱ्याच गणिताने सांगितलेला असतो. तो मुळात एवढाच आहे, की परिसराची थोडी माहिती असलेल्या माणसापुढे त्याचे काही चालत नाही.

आजच्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांसाठी १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेले आणि २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणारे विद्यापीठ, गिरणेकाठच्या बांभोरीची आणि पांझरेपलीकडच्या देवपूरची महाविद्यालये, तिकडे शिरपूर, अशा विस्तृत प्रदेशात संगणक शिकणाऱ्या विद्यार्थ्याची सीझरशी गाठ सहसा एकदाच पडत नाही. पहिल्यांदा तो 'सी' भाषेत भेटतो, तेव्हा निमित्त असते अक्षरांच्या रांगा हाताळण्याचे. पुढे 'जावा' शिकताना तो 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड' पद्धतीचे उदाहरण म्हणून परत येतो. आणि शेवटच्या वर्षी 'माहिती सुरक्षा' नावाच्या विषयात तोच 'पायथन'चा सदरा घालून उभा राहतो. भाषा बदलते, मास्तर बदलतात, किल्ली तीनच राहते. प्रयोगशाळेतील संभाषण अहिराणीत वा लेवा बोलीत, जर्नल इंग्रजीत, तोंडी परीक्षा अर्धी मराठीत, आणि प्रोग्राम या तिन्हींपैकी कशातच नाही, अशी एकंदर भाषिक व्यवस्था असल्यामुळे 'रन व्हयनं का रे भो?' हा प्रश्न मात्र सर्व संगणकीय भाषांना समान लागू पडतो.

येथे 'जर्नल' या वस्तूचे वर्णन आवश्यक आहे, कारण सीझरचा सायफर खान्देशात संगणकापेक्षा जर्नलमध्येच अधिक काळ वास करतो. जर्नल म्हणजे प्रॅक्टिकलची वही असून तिच्यात प्रत्येक प्रयोगासाठी उद्देश, सिद्धान्त, कृतीचा क्रम, प्रोग्राम, आउटपुट आणि निष्कर्ष असे भाग ठरलेल्या क्रमाने येतात, आणि त्यांपैकी निष्कर्ष हा भाग असा आहे की तो प्रयोगाच्या आदल्या रात्रीही लिहिता येतो. 'अशा प्रकारे सीझर सायफरचा अभ्यास करण्यात आला' या कर्मणी वाक्यात अभ्यास नेमका कोणी केला हे शिताफीने टाळलेले असते, आणि त्यामुळे ते वाक्य कोणाच्याही वहीत निर्धास्तपणे उतरवता येते.

उतरवणे हाच जर्नलचा प्राण होय. एका वर्गात मूळ प्रत एकच असते, तिच्यावरून दोघे-तिघे नकला करतात, त्यांच्यावरून उरलेले, आणि वर्ष संपले की ती प्रत पुढच्या वर्गाकडे जाते. हस्तलिखित पोथ्यांच्या अभ्यासकांनी नकलाकारांविषयी जे जे नियम सांगितले, ते सर्व येथे लागू होतात. 'सीझर' या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ए आणि ई यांचा क्रम कोणीतरी एकदा उलटवला की तो पाठभेद संपूर्ण शाखेत पसरतो. 'प्लेनटेक्स्ट'मधला ए आणि आय कोणी अदलाबदल करून ठेवला, तर ते अशुद्ध रूप पुढील वर्षांत चलाचे, म्हणजे ज्या खणात मजकूर ठेवायचा त्या 'व्हेरिएबल'चे, अधिकृत नाव होऊन बसते, आणि गंमत अशी की सगळीकडे सारखेच चुकले असल्यामुळे प्रोग्राम बिनतक्रार चालतो. अशा चुका जुळवून कोणत्या वहीवरून कोणती वही निघाली याचा वंशवृक्ष काढणे हे पाठचिकित्सेचे काम असून, त्यासाठी लागणारी सामग्री खान्देशात दरवर्षी मुबलक तयार होते आणि दरवर्षी रद्दीत जाते. आउटपुटची कथा काही निराळी नाही. इंग्रजी 'हॅलो' हा शब्द तीन घरे सरकवला की के, एच, ओ, ओ, आर ही अक्षरे येतात, आणि ती वाचली तर 'खूर' असा चांगला मराठी शब्द निघतो. त्यामुळे शेकडो जर्नलांतून बैलाच्या पायाचा हा एकच अवयव सारखा उमटलेला दिसतो, आणि त्याकडे परीक्षकाचे लक्ष गेल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही.

भाषेगणिक या प्रोग्रामचा स्वभाव कसा पालटतो, हा खरा अभ्यासाचा विषय आहे. डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी बेल प्रयोगशाळेत घडवलेली 'सी' ही भाषा अक्षर आणि अंक यांत भेद मानत नाही. तिच्या दृष्टीने लहान लिपीतला ए म्हणजे ९७ हा आकडा, त्यात ३ मिळवले की १००, आणि १०० म्हणजे डी. इतकी सरळ वृत्ती असलेल्या भाषेत हा प्रोग्राम दहा ओळींत व्हावा, आणि होतोही. परंतु मजकूर वाचून घेण्याची जी रीत पहिल्या वर्षी शिकवलेली असते, ती पहिल्या रिकाम्या जागेपाशी थांबते, म्हणून 'उद्या पहाटे हल्ला' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश दिला असता सी फक्त 'उद्या' एवढेच गुप्त करते आणि हल्ल्याचा विषय काढत नाही. बोर्लंड कंपनीची निळ्या पडद्याची टर्बो सी ही आवृत्ती जगाने कधीच मागे टाकली असली तरी अनेक प्रयोगशाळांतून ती नव्या संगणकाच्या पोटात एका छोट्या खिडकीत जपून ठेवलेली आढळते, आणि पडदा पुसण्याची व कळ दाबेपर्यंत थांबण्याची तिची ती दोन आज्ञापत्रे विद्यार्थी संध्येच्या आचमनासारखी आधी आणि शेवटी म्हणतात.

१९९५ साली आलेली 'जावा' ही भाषा औपचारिकतेची भोक्ती असून, एक अक्षर तीन घरे सरकवण्यापूर्वीही ती वर्गाचे नाव, प्रवेशद्वाराचे नाव, ते सार्वजनिक आहे की खासगी, आणि आत येताना काय काय बरोबर आणले, याची लेखी नोंद मागते. शिवाय फाइलचे नाव आणि सार्वजनिक वर्गाचे नाव तंतोतंत एक असावे असा तिचा दंडक असल्यामुळे, वर सांगितलेला सीझरच्या स्पेलिंगचा पाठभेद येथे प्रथमच उघडकीस येतो. जे काम भाषेच्या शिक्षकांना साधले नाही ते जावाच्या संकलकाने, म्हणजे प्रोग्रामचे यंत्राला कळणाऱ्या रूपात भाषांतर करणाऱ्या 'कंपायलर'ने, एका लाल ओळीत करून दाखवले. याहून मौजेची गोष्ट अशी की, किल्लीचा आकडा आधी विचारला आणि मग पूर्ण ओळीचा संदेश विचारला, तर आकड्यामागे उरलेली 'एंटर'ची कळ जावा हाच संदेश समजते, तो रिकामा असल्याने रिकामाच तीन घरे सरकवते आणि काम फत्ते झाल्याचे कळवते. सीझर सायफरचे आजवर कोणालाही न फुटलेले रूप हेच असावे.

खीदो फान रोसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'पायथन'मध्ये हा सगळा व्याप चार-पाच ओळींत आटोपतो. अक्षराचा आकडा करणे आणि आकड्याचे अक्षर करणे यासाठी तिच्याकडे दोन तयार क्रिया आहेत, आणि तिच्या दृष्टीने गुन्हा एकच, तो म्हणजे ओळीच्या डाव्या समासात कमी-जास्त जागा सोडणे. जर्नलमध्ये हाताने उतरवलेला पायथनचा प्रोग्राम म्हणूनच तत्त्वतः सदोष असतो, कारण आखीव वहीवर चार रिकाम्या जागा म्हणजे किती, हे नकलाकारपरत्वे बदलते. जावास्क्रिप्ट, पीएचपी वगैरे भाषांतही सीझर उभा राहतो, पण त्या भाषांत बहुधा स्वतःच्या हौसेने लिहिणारेच लिहितात, आणि हौसेने केलेल्या कामाला जर्नलमध्ये स्थान नसते.

या तिन्ही भाषांचा खरा मतभेद मात्र भागाकाराच्या बाकीवरून होतो, आणि तो समजून घेण्यासाठी चाळीसगावकडे वळावे लागते. इंग्रजी वर्णमालेत २६ अक्षरे असल्यामुळे झेडच्या पुढे सरकताना २६ ने भागून बाकी घ्यायची असते; मजकूर गुप्त करताना हे ठीक चालते, पण उलगडताना ए या अक्षरातून, म्हणजे शून्यातून, तीन वजा केले की उणे तीन येतात, आणि उणे तीनला २६ ने भागल्यावर बाकी किती, असा प्रश्न विचारला असता सी आणि जावा 'उणे तीन' असे सांगतात, तर पायथन 'तेवीस' असे सांगते. पायथनचे उत्तर मानले तर एक्स हे अपेक्षित अक्षर मिळते; सीचे उत्तर मानले तर ९७ मधून तीन जाऊन ९४ उरतात, आणि त्या क्रमांकावर अक्षर नसून टोपीसारखे एक चिन्ह बसलेले आहे. खान्देशातील कित्येक प्रोग्राम या टोपीपाशी येऊन थांबले आहेत. उपाय सोपा आहे, उणे आलेल्या बाकीत २६ मिळवावे; तो वरच्या वर्गातला मित्र सांगतो, वही सांगते, आणि का मिळवावे हे विचारू नये असेही सोबत सांगितले जाते.

चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात सापडलेला आणि भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणलेला एक शिलालेख असे सांगतो, की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो देवगिरीच्या सिंघण यादवाच्या दरबारी ज्योतिषी होता, त्याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ काढला, आणि तेराव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्या मठाला देणग्याही मिळाल्या. म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्याच्या हद्दीत 'लीलावती' शिकवणारी अनुदानित संस्था आठशे वर्षांपूर्वी होती. लीलावतीत 'कुट्टक' नावाचे प्रकरण आहे. एका संख्येला कशाने गुणावे आणि त्यात ठरावीक रक्कम मिळवावी, म्हणजे दुसऱ्या संख्येने नेमका भाग जाईल, हे शोधण्याचे ते गणित, आणि त्यात ती रक्कम मिळवण्याऐवजी वजा करायची असेल तर आलेली उत्तरे त्या त्या भाजकातून वजा करावीत, असा भास्कराचार्यांचा नियम आहे. सीचा विद्यार्थी उणे बाकीत २६ मिळवतो तो दुसरे काही करत नाही. पाटणच्या मठात ही गोष्ट कारणासह शिकवली जात असणार, आणि तेथे जर्नल नसल्याने ती पाठ करूनच जावे लागत असणार.

कुट्टकाची गरज खरी पुढच्या प्रॅक्टिकलला लागते. त्यात 'अफाइन' नावाचा थोडा पुढचा सायफर असतो, ज्यात अक्षराच्या क्रमांकाला आधी एका आकड्याने गुणून मग दुसरा आकडा मिळवतात, आणि उलगडताना असा गुणक शोधावा लागतो की मूळ गुणकाशी गुणल्यावर २६ ने भागून बाकी एक उरेल. पाचाने गुणले असेल तर तो गुणक एकवीस, कारण १०५ मधून १०४ गेले की एक उरतो; हा निव्वळ कुट्टक. पण गुणक म्हणून दोन किंवा तेरा घेतले, तर ते २६ चे भागीदार असल्यामुळे कोणताही उलट गुणक अस्तित्वात नसतो, संदेश जातो तो कायमचा जातो, आणि अशा प्रश्नाला भास्कराचार्यांनी 'दुष्ट' हे नाव दिलेले आहे. विद्यार्थ्यांना किल्ली निवडण्याचे स्वातंत्र्य दिले असता तेरा हा आकडा वारंवार निवडला जातो. इंग्रजी जाणणाऱ्या जगात तो अशुभ मानला जातो, हे कारण लीलावतीकारांनी विचारात घेतले नव्हते.

आतापर्यंतचे सर्व विवेचन इंग्रजी अक्षरांपुरते झाले. त्यातही सीझरवर थोडा अन्याय आहे, कारण त्याच्या लॅटिन वर्णमालेत सव्वीस अक्षरे नव्हतीच. जे हे अक्षर नव्हते, यू आणि व्ही वेगळे नव्हते, म्हणजे इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे जळगाव आणि धुळे ही दोन्ही नावे खुद्द सीझरला लिहिता आली नसती. मग त्याची युक्ती सरळ देवनागरीवर चालवून पाहावी, असा मोह एखाद्या विद्यार्थ्याला होतो, आणि तेथून खरी मौज सुरू होते. जगातील लिप्यांना क्रमांक देणाऱ्या 'युनिकोड' या व्यवस्थेत देवनागरीसाठी १२८ घरांची एक ओळ राखलेली असून तीत स्वर, व्यंजने, मात्रा, दंड, अंक असे सारे बिऱ्हाड एकामागोमाग बसवलेले आहे. पायथनमध्ये त्यावर तीनची किल्ली फिरवली, तर जळगावमधला ज टच्या घरी जातो, ळ शच्या, ग चच्या, व सच्या, आणि काना पुढे सरकून उकार होतो. 'जळगाव'चे 'टशचुस' होते. हे नाव उच्चारता येते, एवढेच नव्हे तर बडोदा आणि सुरत यांच्यामध्ये एखाद्या स्टेशनावर ते शोभूनही दिसेल.

धुळ्याचे नशीब इतके चांगले नाही. धचा प होतो, ळचा श होतो, पण उकार तीन घरे सरकून दीर्घ ॠच्या मात्रेवर जातो, जिची गरज संस्कृत व्याकरणाबाहेर कोणाला पडत नाही, आणि शेवटचा एकार दक्षिणी भाषांतील ऱ्हस्व ओकाराच्या मात्रेवर जाऊन बसतो. अशा रीतीने 'धुळे' हे 'पॄशॊ' होऊन त्याचा अर्धा भाग काशीस आणि अर्धा कांचीस जातो. भुसावळमधल्या सचे तर अक्षरपणच हरपते, कारण त्याच्या तीन घरे पुढे काश्मिरी लिहिण्यासाठी ठेवलेली एक मात्रा आहे, आणि मात्रेला बसायला व्यंजन न मिळाल्याने कित्येक संगणक तेथे ठिपक्यांचे रिकामे वर्तुळ काढून मोकळे होतात. पाचोऱ्यातला ओकार सरकून पृष्ठमात्रेच्या घरी पोहोचतो. जुन्या हस्तलिखितांत अक्षराच्या डावीकडे उभी रेघ देऊन एकार दाखवत, ती ही मात्रा असून, तिला ओळखणारे लोक आता संशोधन मंडळांतच भेटतात.

हाच प्रयोग, हीच किल्ली, पण भाषा सी घेतली, तर जळगाव थेट चीनमध्ये जाते. कारण असे की सी अक्षर न पाहता त्याच्या साठवणीतले सुटे बाइट पाहते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह रूढ पद्धतीने तीन बाइटांत साठवले जाते, आणि अट न घालता प्रत्येक बाइटात तीन मिळवले की ज, ळ, ग आणि व यांच्या जागी दुर्मिळ अशी चार चिनी चित्राक्षरे उमटतात, तर काना मोडून कोणत्याच लिपीचा राहत नाही. एकच सायफर दोन भाषांत लिहिला असता एक उत्तर गुजरातच्या सीमेवर आणि दुसरे पेकिंगला निघते, हे पाहिल्यावर 'प्रोग्राम कोणत्याही भाषेत लिहा, तर्क तोच' हे पाठ्यपुस्तकी वाक्य कोणत्या वर्णमालेच्या लोकांनी लिहिले असेल हे सांगावे लागत नाही. सव्वीसऐवजी बाकी कशाने काढायची, हाही एक वादच आहे. शालेय पुस्तकांतल्या मराठी वर्णमालेत बावन्न वर्ण मोजतात, सव्वीसच्या बरोबर दुप्पट, आणि त्यात मात्रा धरलेल्या नसतात.

देवनागरीला सायफर मानवत नाही असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. वात्स्यायनाने चौसष्ट कलांत 'म्लेच्छितविकल्प' या नावाने गुप्तलेखन घातलेच आहे. मराठीत हाताच्या खुणांनी वर्ग आणि अक्षर दाखवण्याची करपल्लवी आणि डोळ्यांच्या खुणांची नेत्रपल्लवी जुनी आहे. बैलबाजारात आजही रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरतो आणि शेजारी उभ्या माणसाला फक्त रुमाल दिसतो. शाळकरी मुलांची 'च'ची भाषा तर संगणकाच्या दृष्टीने आदर्श आहे, कारण शब्दाचे पहिले अक्षर काढून शेवटी न्यायचे आणि त्याच्या जागी च ठेवायचा, की 'मला पाणी' चे 'चलाम चणीपा' होते. हिला किल्ली नाही, बाकी नाही, आणि घरातल्या मोठ्यांना ती बालपणापासून येत असल्यामुळे गुप्तताही नाही.

गुप्तता ज्यांनी खरोखर राखली ते महानुभाव. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी प्रवर्तित केलेल्या या पंथाने मराठी ही धर्मभाषा मानली, लीळाचरित्रासारखा ग्रंथ मराठीत निर्माण केला, आणि पुढे आपले ग्रंथ पंथाबाहेर जाऊ नयेत म्हणून सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. सकळ लिपीचा कर्ता म्हणून परंपरा रवळोबासांचे नाव सांगते. यंत्राच्या नजरेने पाहिले तर हाही सीझरच्याच जातीचा सायफर, म्हणजे एका अक्षराऐवजी ठरलेले दुसरे अक्षर वा चिन्ह. फरक इतकाच की अदलाबदल सरळ तीन घरांची नसून तिची स्वतंत्र यादी होती. असल्या सायफरची कुलपे एखाद्या भाषेत कोणते अक्षर किती वेळा येते याच्या मोजणीने उघडतात, हे अरब विद्वान अल्-किंदी याने नवव्या शतकातच दाखवले होते. तरीही महानुभावांचे कुलूप शतकानुशतके बंद राहिले, पंथ पंजाबापर्यंत पसरला आणि पोथ्याही तिकडे गेल्या तरी बंद राहिले, याचे श्रेय लिपीपेक्षा ती जाणणाऱ्यांच्या मौनाला द्यावे लागते. पोथी हाती आली तरी वाचता येईना, आणि वाचता येणारा मनुष्य सांगेना, या दुहेरी बंदोबस्तापुढे अल्-किंदीची मोजणी करायला कोणी बसलेच नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी जे बसले त्यांत इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे प्रमुख होते. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढणाऱ्या, मिळेल त्या वाड्यातील माळ्यावरच्या दप्तरांना हात घालणाऱ्या आणि मतभेद झाला असता तो मनात न ठेवणाऱ्या या संशोधकाने सांकेतिक लिपीची किल्ली उलगडली, आणि प्राचीन मराठी गद्याचे एक मोठे दालन वाचकांपुढे खुले झाले. आयुष्याच्या अखेरीस राजवाडे धुळ्यास येऊन राहिले, ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले, आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात उभे राहिले. त्यांच्या संग्रहातील कागदपत्रे तेथे आहेत. म्हणजे प्रत्यक्ष वापरातला एक सायफर फोडणाऱ्या मनुष्याची कागदपत्रे आणि दरवर्षी सायफर लिहिणारे विद्यार्थी यांच्यामध्ये केवळ पांझरेचा एक पूल आहे. राजवाड्यांकडे यंत्र नव्हते आणि विद्यार्थ्यांकडे पोथी नाही, त्यामुळे पुलावरून सहसा कोणी जात नाही. गेलेच असते, तर पोथ्यांच्या नकलांत चुका कशा उतरतात हे शिकायला आलेल्यांना आपल्या बॅगेतली वही काढून दाखवता आली असती, आणि राजवाड्यांनी ती पाहून काय उद्गार काढले असते याचा अंदाज त्यांची एखादी प्रस्तावना वाचलेल्या कोणालाही करता येईल.

सीझरचा सायफर फोडणे हे वेगळे प्रॅक्टिकल असून, त्यात किल्ली ठाऊक नाही असे समजून एक ते पंचवीस या सगळ्या किल्ल्या क्रमाने लावून पाहतात. या रीतीला 'ब्रूट फोर्स' असे भारदस्त नाव आहे. ती म्हणजे चाव्यांचा जुडगा घेऊन बसणे. पंचवीस किल्ल्यांच्या पंचवीस ओळी पडद्यावर येतात, त्यांतली एक अर्थपूर्ण असते, आणि ती कोणती हे ओळखण्याचे काम यंत्र न करता माणसाने करायचे असते. आता टर्बो सीचा पडदा नेमका पंचवीस ओळींचा. वर 'संदेश द्या' ही एक ओळ, तिच्याखाली पंचवीस उत्तरे, आणि शेवटच्या उत्तरानंतर पुढच्या ओळीवर जाऊन थांबणारा कर्सर मिळून सत्तावीस होतात, म्हणून वरच्या दोन ओळी पडद्याबाहेर सरकून जातात. त्यांतली पहिली प्रश्नाची, आणि दुसरी एकच्या किल्लीची, म्हणजे ऑगस्टसची. एखाद्या विद्यार्थ्याने नमुन्याचा संदेश एकच्याच किल्लीने तयार केलेला असला, तर खरे उत्तर दिसण्यापूर्वीच निघून जाते, उरलेल्या चोवीस ओळी सारख्याच निरर्थक असतात, आणि त्यांतल्या त्यात बरी दिसणारी एक ओळ पेन्सिलीने अधोरेखित करून तिचा प्रिंट जर्नलमध्ये चिकटवला जातो. त्याखाली निष्कर्ष असतो, निष्कर्षाखाली तारीख, आणि तारखेखाली लाल शाईतली सही.